बर्कली, व्हाया डी अँझा

"सत्तर टक्के," ते गृहस्थ म्हणाले. टेबलावर माझ्या मुलाची मार्कांची यादी होती आणि तिच्या शेजारी त्यांच्या फीचं पत्रक. कॉलेज प्रवेशाचे सल्लागार. मी विचारलं, "सत्तर कशावरून काढले?" ते हसले आणि म्हणाले, "वीस वर्षांचा अनुभव."

त्या रात्री घरी येऊन मी स्वतः आकडे काढायला बसलो. मी मूळचा कराडचा. शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमा केला आणि तिथून थेट दुसऱ्या वर्षाला सांगलीच्या वालचंदमध्ये गेलो. बारावीवाल्या पोरांच्या रांगेत उभा राहिलो असतो तर मला वालचंद दिसलंही नसतं. डिप्लोमावाल्यांची रांग वेगळी, जागा वेगळ्या, मेरिट लिस्ट वेगळी. एवढं आयुष्यात एकदा भोगलेलं असल्यामुळे 'चान्स किती टक्के' हा प्रश्न मला पहिल्यापासून अर्धवट वाटतो. कुठल्या रांगेत किती, ते आधी ठरवा.

आता आम्ही सॅन होजेच्या पश्चिमेला राहतो. मुलगा २०२२ साली हायस्कूल संपवून कूपर्टिनोच्या डी अँझा या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, गेला आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये बर्कलीला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षात. या दोन वर्षांत आम्ही काय केलं, कुठे आपटलो आणि दुसऱ्यांदा करायचं झालं तर कसं करू, ते सांगतो.

आधी आकडे कुठे मिळतात ते बघा

अमेरिकेतली बहुतेक नावाजलेली विद्यापीठं दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाचा एक ठरावीक नमुन्याचा तक्ता प्रसिद्ध करतात. विद्यापीठाच्या नावापुढे हे तीन शब्द टाकून शोधा, पीडीएफ मिळेल. त्यातला 'सी' विभाग बारावीनंतर थेट येणाऱ्यांचा, 'डी' विभाग ट्रान्स्फरवाल्यांचा, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून मध्येच बदलून येणाऱ्यांचा. डी-२ या तक्त्यात किती अर्ज आले, किती जणांना होकार मिळाला आणि किती जण प्रत्यक्ष दाखल झाले, असे तीन रकाने असतात. पहिल्या रकान्यानं दुसऱ्याला भागा. झाला तुमचा टक्का, फुकट.

असे दहा-बारा तक्ते उघडले की डोळे उघडतात. हार्वर्डला ट्रान्स्फर म्हणजे शंभरात एखादा. स्टॅनफर्डला दोनाच्या आसपास. प्रिन्स्टननं तर १९९० पासून ट्रान्स्फर बंदच ठेवली होती, २०१८ ला पुन्हा सुरू केली. तीही थोड्या जागांवर आणि कम्युनिटी कॉलेजची मुलं, सैन्यातून आलेले, कमी उत्पन्नाच्या घरातले यांच्यावर भर देऊन. म्हणजे "आत्ता कुठेही जा, दुसऱ्या वर्षी हार्वर्डला बदलून घेऊ" असं कुणी म्हणत असेल, तर ते पी हळद अन् हो गोरी. या विद्यापीठांतून मुलं सोडून जातच नाहीत. जागाच रिकामी होत नाही, तर देणार कुठून?

मग युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे बर्कली आणि यूसीएलए (लॉस एंजेलिस) हे दोन कॅम्पस उघडा. बारावीनंतर थेट जाणाऱ्यांत बर्कलीचा होकार शंभरात अकराच्या आसपास, यूसीएलएचा नऊच्या आसपास. ट्रान्स्फरमध्ये दोन्हीकडे साधारण चौथा हिस्सा. हा फरक कुणाच्या दयेमुळे पडलेला नाही. कॅलिफोर्नियानं १९६० साली उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन केला आणि कम्युनिटी कॉलेजमधून वर चढायची शिडी त्यातच बांधून टाकली. दर दोन नव्या मुलांमागे एक ट्रान्स्फरचा घ्यायचा असं युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचं, म्हणजे यूसीचं, उद्दिष्ट आहे. आणि यूसीत ट्रान्स्फरनं येणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं राज्यातल्याच कम्युनिटी कॉलेजांतली असतात. दुसऱ्या राज्यातल्या भारी विद्यापीठातून येणारा या रांगेत मागे उभा असतो. हे आमच्या मंडळातल्या अनेकांना पटत नाही.

पण चौथा हिस्सा म्हणजे तुमचा चान्स पंचवीस टक्के नव्हे

इथे मीही सुरुवातीला फसलो. विद्यापीठाचा एकूण टक्का म्हणजे सगळ्या विषयांची मिसळ. यूसीच्या इन्फर्मेशन सेंटरच्या साइटवर 'ट्रान्स्फर्स बाय मेजर' नावाचं पान आहे. कॅम्पस निवडा, विषय निवडा. अर्ज किती, होकार किती आणि होकार मिळालेल्यांचा जीपीए (मार्कांची सरासरी) कुठून कुठपर्यंत, सगळं समोर येतं. यूसीएलएला कॉम्प्युटर सायन्सला अलीकडच्या वर्षांत शंभरात दहाच्या आत. तिथेच इतिहास, भूगोल, मानववंशशास्त्र बघा, आकडा कितीतरी वर जातो.

पालक लगेच म्हणतात, मग इतिहासातून आत शिरू आणि आत गेल्यावर कॉम्प्युटर घेऊ. नका करू. ट्रान्स्फर झालेलं मूल तिसऱ्या वर्षात उतरतं, हातात दोन वर्षं असतात, आणि गर्दीच्या विषयांची दारं आतूनही बंद असतात. इतिहास खरंच आवडत असेल तर जरूर घ्या. आमच्या शेजारची मुलगी गेली आणि मजेत आहे.

जीपीएचा पट्टा वाचताना खालचा आकडा बघा. सगळे वरचा बघतात आणि घाबरतात, किंवा सरासरी बघतात आणि निर्धास्त होतात. हा पट्टा मधल्या निम्म्या मुलांचा, म्हणून खालच्या आकड्याच्याही खाली चौथा हिस्सा मुलं असतात. मात्र ती कशाच्या जोरावर आत गेली हे तक्त्यात लिहिलेलं नसतं. तुमचं मूल त्या टोकाला असेल तर कॅम्पसची यादी रुंद करायची, एवढाच अर्थ घ्या.

पहिल्या आठवड्यात उघडायची साइट

सगळ्या लेखातलं एकच लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा: असिस्ट डॉट ऑर्ग. कॅलिफोर्नियातल्या ११६ कम्युनिटी कॉलेजांतला कुठला कोर्स यूसीतल्या कुठल्या कोर्सच्या बरोबरीचा, हे तिथे विषयवार लिहिलेलं असतं. डावीकडे बर्कलीचा कोर्स, उजवीकडे आपल्या कॉलेजचा. इंजिनिअरिंगला गणिताची पूर्ण साखळी, लिनिअर अल्जेब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स, कॅल्क्युलसवर आधारलेलं फिजिक्स, थोडं प्रोग्रॅमिंग आणि इंग्रजी लेखनाचे दोन कोर्स, असा साधारण साचा. उजवीकडे 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' दिसलं तर त्याच्या बरोबरीचा धरलेला कोर्स आपल्या कॉलेजात नाही. मग शेजारच्या कॉलेजात बघायचा.

आम्ही हे पान पहिल्या आठवड्यात छापून फ्रिजवर लावलं. प्रत्येक कोर्स झाला की पोरगा स्केचपेननं रेघ मारायचा. आमची ही म्हणायची, किराण्याची यादी वाटते. तशीच वापरायची असते ती.

साखळी किती लांब आहे ते आधी मोजा. डी अँझात वर्षाला तीन क्वार्टर आणि एक उन्हाळा. कॅल्क्युलस १ए, १बी, १सी, १डी, मग २ए आणि २बी. फिजिक्सची साखळी गणित थोडं झाल्याशिवाय सुरूच होत नाही. ज्या मुलाचं हायस्कूलमध्ये कॅल्क्युलस झालेलं नाही, त्याला दोन वर्षांत हे सगळं बसवणं कठीण जातं. त्यानं तिसरं वर्ष घ्यावं. त्यात नाक कापलं जात नाही, आणि यूसीही त्याबद्दल विचारत नाही.

आता आमची चूक. पहिल्या उन्हाळ्यात वेळ वाचावा म्हणून आम्ही फिजिक्सच्या साखळीतला एक दुवा शेजारच्या दुसऱ्या कॉलेजात उरकला. ते कॉलेज सेमिस्टरवालं. डी अँझा क्वार्टरवालं. क्वार्टरचे तीन तुकडे आणि सेमिस्टरचे दोन तुकडे यांचे सांधे एकाच जागी येत नाहीत. तिकडे दोन कोर्सात वाटलेला अभ्यास इकडे तीन कोर्सात वाटलेला. परिणामी एक प्रकरण दोनदा शिकला आणि एक शिकलाच नाही, आणि कागदावर साखळी तुटलेली. पुढच्या क्वार्टरला तोच भाग डी अँझात पुन्हा करावा लागला. आठ आठवडे आणि पेट्रोल वाया. दोष कुणाचा नाही. असिस्टवर लिहिलेलं असतं, आम्ही वाचलं नाही. म्हणून नियम: साखळीचा कोर्स ज्या कॉलेजात सुरू केला त्याच कॉलेजात संपवा. सुटे कोर्स, उदाहरणार्थ इंग्रजी किंवा मानसशास्त्र, खुशाल बाहेर करा.

यूसीत जायला एकूण ९० क्वार्टर युनिट (कोर्सचं वजन मोजायचं माप) लागतात, सेमिस्टरमध्ये ६०. ती आदल्या वसंत सत्रापर्यंत पूर्ण व्हायला हवीत. साहित्य, समाजशास्त्र अशा विषयांना जाणाऱ्यांनी सामान्य शिक्षणाचा ठरलेला संचही पुरा करावा. आमच्या वेळी त्याला आयगेट्सी म्हणत, २०२५ पासून कॅल-गेट्सी आलंय. इंजिनिअरिंगवाल्यांनी आधी विषयाची तयारी, बाकीचं मागून.

पैशांचं दोन ओळींत

राज्यात राहणाऱ्यांना डी अँझात एका युनिटला ३१ डॉलर. नव्वद युनिटांचे २,७९० डॉलर, दोन वर्षांचे मिळून. किरकोळ फिया आणि पुस्तकं वेगळी. यूसीत राज्यातल्या मुलाला एका वर्षाची नुसती फी १४ हजार डॉलरच्या पुढे. पोरगा घरी राहिला, २३ नंबरच्या बसनं गेला, आईच्या हातची पोळी-भाजी खाल्ली.

विमा: टॅग

टॅग म्हणजे ट्रान्स्फर अॅडमिशन गॅरंटी. यूसीचे सहा कॅम्पस ती देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो देत नाहीत. ठरलेला जीपीए आणि ठरलेले कोर्स असतील तर जागा नक्की, चान्सचा प्रश्नच नाही. एकाच कॅम्पसला टॅग करता येतो, आणि त्याचा अर्ज फक्त सप्टेंबरच्या १ ते ३० तारखांत. मुख्य अर्जाच्या आधी दोन महिने! बरीच घरं इथेच चुकतात, कारण सगळ्यांच्या डोक्यात नोव्हेंबर असतो. काही कॅम्पसवर कॉम्प्युटरसारखे विषय टॅगमधून वगळलेत, ते त्या वर्षीच्या तक्त्यात बघून घ्या.

आम्ही डेव्हिसला टॅग केला. त्यानंतर घरातलं वातावरण बदललं. रात्रीची जेवणं पुन्हा जेवणांसारखी झाली.

इतर विषयांच्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट: कॉलेजात ऑनर्स प्रोग्रॅम असेल आणि ते कॉलेज यूसीएलएच्या ट्रान्स्फर अलायन्समध्ये असेल, तर ऑनर्स पुरं करणाऱ्यांचा अर्ज तिथे प्राधान्यानं बघतात. इंजिनिअरिंगला याचा उपयोग नाही, म्हणून मला त्यातलं अनुभवानं काही सांगता येणार नाही.

अर्ज आणि चार उत्तरं

यूसीचा अर्ज ऑगस्टला उघडतो आणि नोव्हेंबर अखेरच्या सुमारास बंद होतो. त्या वर्षीची तारीख बघा. सॅट परीक्षा नाही, कुणी मार्क पाठवले तरी बघत नाहीत. शिफारसपत्रं अर्जासोबत जात नाहीत. म्हणजे मार्क, कोर्स, कामं-उपक्रम आणि साडेतीनशे शब्दांची चार उत्तरं. ट्रान्स्फरवाल्यांना त्यातलं एक सक्तीचं: तुम्ही निवडलेल्या विषयाची तयारी कशी केली? बाकी तीन सातांतून निवडायची.

मंडळाच्या गणपतीत ढोल वाजवला, त्यातून नेतृत्व शिकलो, असं पोरानं पहिल्यांदा लिहिलं. मीच लिहायला लावलं होतं, खरं तर. वाचल्यावर मलाच शाळेतल्या 'माझा आवडता सण' निबंधाची आठवण झाली. ढोल तो वर्षातून चार दिवस वाजवतो. बाकीचे दिवस तो आठवड्याला वीस तास गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर उभा असायचा. मग त्यानं त्यावर लिहिलं. एका गिऱ्हाइकाच्या जुन्या गाडीचा वॉटर पंप तीनदा परत आला, तेव्हा भाग चांगला असून बसवण्याची जागाच वाकलेली आहे हे त्यानं कसं शोधलं, आणि त्यानंतर स्टॅटिक्सच्या वर्गात त्याला ती गाडी कशी दिसायला लागली. इंग्रजी साधं. मी एक स्वल्पविराम बदलला, तोही त्यानं परत जागेवर नेला.

नोकरी करणाऱ्या मुलांनी नोकरी लपवू नये. आपल्याकडे पोरगं दुकानात काम करतं हे सांगायला पालकांना कसंसं होतं. अर्जात कामाचे तास भरायला स्वतंत्र जागा असते, ती उगाच नसते.

अर्ज पाठवला की सुटलो असं वाटतं. जानेवारीत 'ट्रान्स्फर अॅकॅडेमिक अपडेट' भरायचं असतं, ३१ जानेवारीपर्यंत: डिसेंबरचे निकाल आणि पुढे कुठले कोर्स घेतलेत ते. हे राहिलं तर चांगला अर्ज कोरडा पडतो.

खासगी विद्यापीठं

ज्यांना यूसीच्या बाहेर बघायचंय त्यांनी कॉर्नेल आणि सदर्न कॅलिफोर्निया ही दोन आधी बघावीत. मोठ्या नावांत ट्रान्स्फरला खरोखर जागा देणाऱ्यांतली ही दोन. कॉर्नेल तर बारावीनंतरच्या अर्जाला नकार देताना काहींना 'ट्रान्स्फर ऑप्शन' देतं: अमुक कोर्स, अमुक मार्क आणा, दुसऱ्या वर्षी या. अशी ऑफर आली असेल तर तिला नकार समजून फेकू नका. खासगी ठिकाणी बऱ्याचदा प्राध्यापकांची पत्रं लागतात, आणि कॉमन अॅपवरून (अनेक विद्यापीठांचा सामाईक अर्ज) चालू सत्राचे मार्क प्राध्यापकांकडून भरून घ्यायचा मिड-टर्म रिपोर्टही. शंभर मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणाऱ्याला पत्र कोण देणार? ऑफिस अवर्सना, म्हणजे प्राध्यापकांना भेटायच्या ठरलेल्या वेळांना, जायची सवय पहिल्याच क्वार्टरला लावा.

पुण्याहून विचारणाऱ्यांसाठी

भाचेमंडळींचे फोन येतात: "मामा, मी एफ-१ व्हिसावर थेट डी अँझाला येऊ का?" येता येतं, टॅगही करता येतो, रांग तीच. पण वर लिहिलेले ३१ डॉलर तुम्हाला लागू नाहीत, आणि यूसीत गेल्यावर फी राज्यातल्या मुलाच्या तिपटीहून जास्त. बापूसाहेबांची जमीन विकायच्या आधी चारही वर्षांची बेरीज मांडा. इथे एच-४ वर (एच-१ वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेल्या मुलांचं वेगळं आहे: त्यांना राज्यातले रहिवासी म्हणून फी लागू शकते, कॉलेजच्या रेसिडेन्सी ऑफिसात कागद घेऊन जा.

गेट-टुगेदरमधला प्रश्न

"कुठे मिळालं मग?" "डी अँझाला." "अच्छा." मग थोडा वेळ सगळे साबुदाणा वड्याकडे बघतात. हे दोन वर्षं ऐकायची तयारी ठेवा, मुलापेक्षा तुम्ही. मला सांगलीत 'ए डिप्लोमा' म्हणून हाक मारायचे, एम-थ्रीच्या (गणित-३) पेपरला घाम फुटायचा, त्यामुळे मला सवय होती. हिला नव्हती. पहिल्या दिवाळीला ती पार्टीलाच आली नाही.

एप्रिल आणि त्यानंतर

निकाल एप्रिलमध्ये लागतात. डेव्हिस हो, सॅन डिएगो हो, यूसीएलए नाही, बर्कली हो. सल्लागारांचे सत्तर टक्के कशात धरायचे ते मला अजून कळलेलं नाही. १ जूनपर्यंत होकार कळवून अनामत भरायची.

होकाराच्या पत्रात खाली अटी असतात, त्या मोठ्यानं वाचा. वसंत सत्रात ठरवलेले कोर्स सोडायचे नाहीत, मार्क घसरू द्यायचे नाहीत, आणि अंतिम ट्रान्सक्रिप्ट (अधिकृत गुणपत्रक) १ जुलैपर्यंत. ज्या ज्या कॉलेजात एक जरी कोर्स केला असेल, त्या प्रत्येक कॉलेजची. आमची आठ आठवड्यांची ती उन्हाळ्यातली फिजिक्सची चूकही त्यात आली. २८ जूनला रात्री अकरा वाजता मी पोराला विचारलं, "त्या दुसऱ्या कॉलेजची पाठवलीस ना?" तो म्हणाला, "कुठल्या दुसऱ्या?"